मँचेस्टरची लेक, वऱ्हाडची सून

आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जायचे म्हणजे दोन गाड्या लागत. पहिली मोठी, दुसरी छोटी. मुंबईहून नागपूरकडे धडधडत जाणारी मोठी गाडी आम्हांला मूर्तिजापूरच्या फलाटावर उतरवी आणि मागे वळूनही न पाहता निघून जाई. मग ट्रंका, वळकट्या, फराळाचे डबे आणि फिरकीचा तांब्या सांभाळीत आमची वरात छोट्या गाडीकडे निघे. ती तिकडे निवांत उभी असायची. लहानसे काळे इंजिन, त्याच्या पोटात धुमसणारी आग, धुराड्यातून संथपणे वर जाणारा धूर आणि मागे खेळण्यातले वाटावेत असे चिमुकले डबे. ही आमची शकुंतला! मूर्तिजापूरहून निघायची आणि कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला पोहोचायची. आमचे आजोळ दारव्ह्याचे, त्यामुळे गाडीचा निम्म्याहून अधिक प्रवास आमच्या वाट्याला येई.

खिडकीशी बसायचे की नाही यावरून दर वर्षी रडारड व्हायची. खिडकीत बसले तर नव्या कपड्यांवर कोळशाचे कण पडत. एकदा इंजिनाच्या धुरातून उडालेल्या ठिणगीने माझ्या दिवाळीच्या सदऱ्याला वाटाण्याएवढे भोक पाडले. आईने कपाळाला हात लावला. दारव्ह्याच्या स्टेशनावर न्यायला आलेले मामा मात्र हसून म्हणाले, "अरे, हे इंजिन थेट विलायतेतून आलेलं आहे, मँचेस्टरहून! तिनं आपल्या हातानं तुझ्या सदऱ्यावर सही केली म्हणायची."

त्या सदऱ्याचे पुढे पायपुसणे झाले. पण मामांचे ते वाक्य डोक्यात राहिले. कुठे मँचेस्टर आणि कुठे दारव्हे! एवढ्या दूरची ही लेक वऱ्हाडात कशी नांदायला आली, तिने इथे कोणती कामे उपसली आणि अखेरीस तिचे काय झाले, हे समजून घ्यायची इच्छा तेव्हापासूनची. दिवाळीच्या निमित्ताने तीच हकीगत वाचकांना सांगायची आहे.

आगबोट येणार होती!

या हकीगतीची सुरुवात आगगाडीने होत नाही, आगबोटीने होते. वाचून नवल वाटेल. वऱ्हाड हा काळ्या मातीचा आणि कापसाचा मुलूख. समुद्र इथून शेकडो कोस दूर. वर्धा आणि पैनगंगा या आमच्या जिल्ह्याला मिठी मारणाऱ्या नद्या. श्रावणात त्यांचा अवतार पाहवत नाही आणि वैशाखात त्यांच्या पात्रातून बैलगाड्या जातात. इथे आगबोटीचे काय काम?

पण एकोणिसाव्या शतकात हे स्वप्न अगदी गंभीरपणे पाहिले गेले होते. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. इथला कापूस त्यांच्या डोळ्यांत भरला होताच. अडचण होती ती तो बाहेर काढण्याची. रस्ते नाहीत, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीची चाके आसापर्यंत गिळायचा. तेव्हा गोदावरीवर धरण बांधणारे प्रसिद्ध इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांच्यासारख्यांचे मत असे पडले की, रूळ टाकण्यापेक्षा नदीच वापरावी. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्व समुद्राला. म्हणजे वऱ्हाड-नागपूरचा कापूस बोटीत भरला की सरळ बंगालच्या उपसागरात!

त्या काळी नदीतली आगबोट म्हणजे बहुधा चाकाची बोट. दोन्ही कुशींना किंवा पाठीमागे पाणचक्कीसारखे भले मोठे चाक, ते वाफेवर फिरायचे आणि त्याच्या फळ्या पाणी मागे लोटायच्या. अशा बोटीला खोल पाणी लागत नाही, म्हणून उथळ नद्यांना ती सोयीची. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या नद्यांवर अशा बोटींनी पुष्कळ चाकरी केली. बांगला देशात ढाक्याहून खुलन्याकडे जाणाऱ्या 'रॉकेट' नावाच्या चाकाच्या बोटी तर एकविसाव्या शतकापर्यंत टिकल्या, फक्त त्यांच्या पोटातली वाफ जाऊन तिथे डिझेल आले होते.

गोदावरीने मात्र दाद दिली नाही. तिच्या आणि प्राणहितेच्या वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. तिथे पाण्याचा उतार एवढा आणि दगड एवढे, की बोटीला वाट नाही. ते टाळण्यासाठी बांध आणि कालवे काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. माणसे तापाने आजारी पडली, पैसा पाण्यात गेला. पाणी तरी वर्षातले काही महिनेच पुरायचे. तिकडे जी. आय. पी. कंपनीचे रूळ मुंबईहून पुढे सरकत सरकत १८६७ साली नागपूरला पोहोचलेसुद्धा. मग नदीची मिजास कोण सोसणार? १८७१ मध्ये तो सारा खटाटोप सोडून देण्यात आला.

वऱ्हाडची आगबोट अशी वाटेतच राहिली. तिचे काम पुढे जिने केले, तिचीच ही गोष्ट. आगबोट आणि आगगाडी या सख्ख्या बहिणीच. दोघींच्या पोटात तीच भट्टी, तोच बॉयलर, तोच मागेपुढे होणारा दट्ट्या. एकीचे चाक पाणी कापते, दुसरीचे रुळावर पळते, एवढाच काय तो फरक.

अडीच फुटांची वाट

मोठी लोहमार्गाची रेघ मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव अशी गेली. त्या रेघेवरच्या गावांचे भाग्य उजळले. पण रेघेपासून लांब असलेल्या यवतमाळ, दारव्हा, अचलपूर या गावांचे काय? आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, तो १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. इथला कापूस बैलगाड्यांतून किंवा त्याच्याही आधी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. दारव्हा, दिग्रस, पुसद या टापूत बंजारा समाजाचे तांडे आजही मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे पूर्वज शेकडो बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य देशभर फिरवीत. सडका आणि रूळ आले आणि त्यांचा तो पिढीजात धंदा बसला. नवी गाडी येते तेव्हा कोणाची तरी जुनी वाट बंद होते, हे आपण सहसा विसरतो.

१९१० साली मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. भारतमंत्र्यांशी करार झाला आणि मूर्तिजापुराहून दोन फाटे निघाले. एक उत्तरेला अंजनगावावरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. पहिले महायुद्ध युरोपात पेटले होते त्या सुमारास, १९१६ पर्यंत, दोन्हींवर गाड्या धावू लागल्या. त्याच कंपनीची पुलगाव ते आर्वी ही धाकटी बहीणही पुढे आली. १९३१ साली दारव्ह्याहून पुसदकडे आणखी एक फाटा गेला. तो कालांतराने उखडला गेला, पण त्याच्यामुळे आमच्या 'दारव्हा मोतीबाग' स्टेशनाला जंक्शनचा मान मिळाला. दुसरी गाडी गेली तरी मान राहिला. आपल्याकडे घरातली पाटीलकी गेली तरी 'पाटील' हे नाव राहते, तसेच हे.

ही वाट अडीच फुटी. म्हणजे दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीचे ते १,६७६ मिलिमीटर असते. बार्शी लाइट रेल्वे हीसुद्धा याच मापाची होती, आणि माथेरानची गाडी याहूनही अरुंद, दोन फुटी. अरुंद वाट काढण्याचे कारण सरळ आहे : खर्च कमी. रूळ हलके चालतात, पूल लहान पुरतात, वळण तीव्र घेता येते, म्हणून डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. जिथे रोजचे उत्पन्न बेताचे, तिथे असाच संसार करावा लागतो.

पण स्वस्ताईची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. छोट्या गाडीचे डबे मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे यवतमाळ-दारव्ह्याच्या जिनांत सरकी निघालेला आणि प्रेसमध्ये आवळून बांधलेला कापूस मूर्तिजापूरला आला, की गाठ अन् गाठ छोट्या डब्यातून उतरवायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. हमालांच्या पाठीवरून गेली नाही अशी एकही गाठ या मार्गाने मुंबईला गेली नसेल.

हा कापूस सगळाच्या सगळा मँचेस्टरला जाई, अशी एक समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. आपल्या कापसाचा धागा आखूड. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस अधिक पसंत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा माल बंद झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मात्र मुंबईच्या गिरण्या आणि जपान हीच आपली मोठी गिऱ्हाइके झाली. तरीही मँचेस्टरचा एक धागा या गाडीला कायमचा बांधला गेला. तो कापसाचा नव्हता, लोखंडाचा होता.

आगीची चाकरी

१९२१ साली मँचेस्टरमध्ये झेडडी वर्गाचे एक वाफेचे इंजिन तयार झाले. १९२३ मध्ये ते या मार्गावर रुजू झाले. सासरी आलेल्या सुनेने उंबऱ्यावरचे माप ओलांडावे आणि त्याच दिवशी पदर खोचून कामाला लागावे, तसे ते लागले. त्या दिवसापासून सत्तरांहून अधिक वर्षे त्याने उसंत घेतली नाही.

वाफेचे इंजिन चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांना येणार नाही. बटण दाबले आणि सुरू झाले, असे ते यंत्र नव्हे. सकाळी गाडी सोडायची तर मध्यरात्र उलटताच शेडमधली माणसे उठत. आदल्या दिवसाची राख ओढून काढायची, नळ्यांतली काजळी झाडायची, पाणी भरायचे आणि मग भट्टी पेटवायची. थंडगार बॉयलर एकदम तापवला तर लोखंड फुगून तडकते, म्हणून आग बेताबेताने वाढवायची. पाण्याची वाफ झाली की तिला मोकळ्या हवेत सोळाशे-सतराशेपट जागा लागते. बॉयलरमध्ये ती जागा तिला मिळत नाही. कोंडलेली वाफ सुटकेची वाट शोधते, तिला सिलिंडरात वाट मिळते, ती दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला. रागावलेल्या माणसाला योग्य काम दिले तर तो डोंगर हलवतो, तसाच हा प्रकार.

इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन अशी जोडी. वाचकांना वाटेल की फायरमनचे काम फावड्याने कोळसा टाकणे, त्यात काय मोठेसे? पण घरातल्या सुगरणीला विचारा, चुलीला जाळ लावणे ही विद्या आहे की नाही! कोळसा एका कोपऱ्यात ढीग करून चालत नाही, तो भट्टीभर सारखा पसरावा लागतो. दार जास्त वेळ उघडे राहिले तर थंड हवा शिरते. धुराड्यातून काळाकुट्ट धूर येतो म्हणजे इंजिन जोरात आहे असे आपल्याला वाटते, पण जाणत्याला कळते की कोळसा न जळताच वाया चालला आहे. आणि सगळ्यात जपायचे ते पाणी. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, तिच्यावर नजर हवी. ती उतरली आणि भट्टीचे छत कोरडे पडले, तर अनर्थ! त्यासाठी छतात शिशाची एक बुडी बसवलेली असते. पाणी कमी झाले की ती वितळते, वाफ आगीवर कोसळते आणि आग विझवून मोठा धोका टाळते. पण बुडी वितळू देणे ही फायरमनची मोठीच नाचक्की. आयुष्यात ती कधी वितळली नाही, हे सांगताना म्हाताऱ्या फायरमनची मान ताठ होई.

वैशाखात वऱ्हाडाचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते. बाहेर ती भट्टी आणि हातभर अंतरावर ही भट्टी, अशा दोन आगींमध्ये ही माणसे दिवस काढीत. डोक्याला ओला पंचा, अंगातला सदरा घामाने आणि काजळीने एकरंगी झालेला. त्यात यवतमाळ उंचावर वसलेले, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटरवर. लाडखेड, लासिना मागे पडले की चढ जाणवू लागे. इंजिनाचा श्वास जड होई. पावसाने रूळ ओले असले तर चाके जागच्या जागी फिरत. मग रुळावर वाळू टाकायची आणि पुन्हा धीराने वाफ सोडायची. डब्यातली बायामाणसे हात जोडीत, पोरे "चल गं, चल गं" म्हणून ओरडत, आणि गाडी चढायची.

घाई कोणाला?

या गाडीचा वेग हा टिंगलीचा विषय. सायकलवाल्याने शर्यत लावावी आणि जिंकावी, अशी तिची चाल. मामा नेहमी पत्रात लिहीत, "सवड असेल तर शकुंतलेने यावे, घाई असेल तर चालत निघावे." पण त्या संथपणातच तिचे माणूसपण होते. शेताच्या बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन एखादी बाई धावत येताना दिसली, की गार्ड हिरवे निशाण खाली घेई. "ये वो माय, ये! गाडी काई पळून नाई चालली!" ती बाई धापा टाकीत चढे, टोपलीतल्या सीताफळांचा वास डब्यात पसरे आणि गाडी हलायची.

कोण नसे या गाडीत? बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या आणि कोंबड्या, परीक्षेच्या दिवसांत पुस्तके उघडून बसलेली मुले, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिरी निघालेले भाविक, मजुरीला निघालेली कुटुंबे, लग्नाची वऱ्हाडे. आणि दिवाळीच्या आठवड्यात पहिल्या दिवाळसणाला माहेरी निघालेल्या नव्या नवऱ्या. सोबत नवा जावई, त्याच्या डोक्यावर नवी टोपी आणि टोपीवर इंजिनाच्या कोळशाची रांगोळी!

शकुंतला हे नाव कागदोपत्री कुठल्या साहेबाने ठेवलेले नव्हे. ते लोकांनी ठेवले, लाडाने ठेवले. सरकारी दप्तरात ती यवतमाळ पॅसेंजर होती, पण शेतात खुरपणाऱ्या बाईला शिट्टी ऐकू आली की ती म्हणे, "शकुंतला गेली, भाकर खायची वेळ झाली." ज्यांच्या घरी घड्याळ नव्हते, त्यांचे घड्याळ ती होती.

पुढे पुढे तिचा संसार फार ओढगस्तीचा झाला. मार्गावर एकच गाडी, मग सिग्नल कशाला, असे म्हणण्याची पाळी आली. जे सिग्नल उभे होते, त्यांच्यावर लिव्हरपूलचे नाव आणि १८९५ साल कोरलेले लोक कौतुकाने दाखवीत. सारा कारभार सातेक माणसांवर आला. तीच माणसे तिकिटे देत, तीच इंजिन सोडत-जोडत, तीच निशाण दाखवीत. फाटक आले की गाडी थांबे. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाई, तो फाटक उघडी, मागून येऊन चढे, मग पुढचा प्रवास. बाहेरगावचा पाहुणा हे पाहून हसे. दारव्ह्याचा माणूस हसत नसे. घरात माणसे कमी झाली तर सासूनेच दारही उघडावे आणि चहाही टाकावा, यात हसण्यासारखे काय आहे?

१५ एप्रिल १९९४

त्या दिवशी मँचेस्टरच्या या लेकीची चाकरी संपली. तिच्या जागी डिझेलचे इंजिन आले. १९२३ ते १९९४, म्हणजे ७१ वर्षे. सरकारी नोकराला तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवीत, हिची नोकरीच ७१ वर्षांची! एवढ्या काळात इंग्रजांचे राज्य गेले, निजाम गेला, मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे राज्य जाऊन १९६० साली महाराष्ट्र झाला, जी. आय. पी.ची मध्य रेल्वे झाली. इंजिन तेच होते.

डिझेलचे इंजिन सोयीचे, यात शंका नाही. मध्यरात्री उठून भट्टी पेटवायला नको, राख ओढायला नको, पाण्यासाठी थांबायला नको. फायरमनच्या फुप्फुसांत काजळी जायला नको. जुन्याचा गहिवर घालताना हे विसरू नये. आपल्याला धुराचा वास गोड वाटतो, कारण आपण डब्यात बसून घेतला. इंजिनावरच्या माणसाने तो तीस तीस वर्षे छातीत भरून घेतला, त्याला विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते.

पण डिझेल आले तरी गाडीचे दैव पालटले नाही, कारण दुखणे इंजिनात नव्हतेच. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या. हा मार्ग मात्र कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी मध्य रेल्वेने चालवायची, मार्गाबद्दल कंपनीला मोबदला द्यायचा, आणि कराराची मुदत दर दहा वर्षांनी पुढे ढकलायची. 'इंग्रजांच्या मालकीची भारतातली शेवटची रेल्वे' असे तिचे वर्णन वर्तमानपत्रांतून वारंवार आले. वाचायला ते खमंग लागते. खरे पाहता किलिक निक्सन ही मुंबईतली पेढी, आणि ती पुढे भारतीयांच्याच हाती आली. दुखणे गोऱ्या मालकाचे नव्हते. ते दोन घरचा पाहुणा उपाशी, या जातीचे होते. मालक म्हणायचा, गाडी तुम्ही चालवता, दुरुस्ती तुम्ही करा. चालवणारा म्हणायचा, मार्ग तुमचा, खर्च तुम्ही करा. स्लीपर कुजत गेले, खडी मातीत रुतली, वेग आणखी उतरला. वेग उतरला म्हणून माणसे एस. टी.कडे वळली, माणसे वळली म्हणून उत्पन्न घटले, आणि उत्पन्न नाही म्हणून खर्च नाही. या चक्रातून सुटका नव्हती.

कालिदासाच्या शकुंतलेला राजा दुष्यंत विसरला, कारण त्याला शाप होता आणि अंगठी हरवली होती. आमच्या शकुंतलेच्या बाबतीत अंगठीही होती आणि करारपत्रही होते. तरी विसर पडला!

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळकडची आणि अचलपूरकडची अशा दोन्ही गाड्या बंद पडल्या. २०१६ मध्ये त्या वेळचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी हा मार्ग रुंद करण्याची घोषणा केली. गावोगाव पेढे वाटले गेले. गाडी बचावासाठी लोकांनी सभा घेतल्या, निवेदने दिली, रुळांवर बसून आंदोलने केली. थांबलेल्या गाडीसाठी रुळांवर बसणारी माणसे जगात फार नसतील.

हरवले ते काय?

एका संथ, जुन्या, तोट्यातल्या गाडीसाठी एवढा जीव का टाकावा? रस्ते झाले, एस. टी. आहे, घराघरांत मोटारसायकली आल्या. मूर्तिजापूरचे अंतर आता दोन-तीन तासांचे झाले. हा प्रश्न खोटा नाही आणि त्याचे उत्तर नुसत्या आठवणींनी देता येणार नाही.

उत्तर आहे तिकिटाच्या दरात. शकुंतलेचे भाडे एस. टी.च्या भाड्याच्या मानाने अगदीच किरकोळ असायचे. ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्याने गाडी केव्हाच सोडली होती. शेवटपर्यंत तिच्यात बसत राहिली ती माणसे वेगळी : टोपली घेऊन बाजाराला जाणारी बाई, शेळी घेऊन निघालेला म्हातारा, कामाच्या शोधात निघालेला मजूर, दवाखान्यात निघालेली लेकुरवाळी. त्यांच्यापाशी वेळ होता आणि पैसा नव्हता. जगात घाई असलेल्यांसाठी पुष्कळ सोयी निघतात. ज्यांना घाई परवडत नाही, त्यांच्यासाठी ही एक होती. ती बंद पडली तेव्हा सुखवस्तू माणसाची एक आठवण गेली, आणि गरिबाचे दर आठवड्याचे काही रुपये गेले. या दोन नुकसानांत मोठे कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

आता दारव्ह्याला पुन्हा आशा लागली आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा रुंद लोहमार्ग बांधला जात आहे. त्याच्या वाटेत यवतमाळनंतर दारव्हा, दिग्रस, पुसद ही गावे येतात. वर्धा ते कळंब हा पहिला ३९ किलोमीटरचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. म्हणजे ज्या पुसदच्या फाट्याचे रूळ कधीकाळी उखडले, त्याच दिशेला दारव्ह्याहून पुन्हा गाडी जाणार! मोतीबागेच्या जंक्शनला इतक्या वर्षांनी का होईना, दुसरी गाडी भेटेल. त्या गाडीने दारव्ह्याचा मुलगा नांदेडला शिकायला जाईल, कापूस आणि सोयाबीन गाठ न बदलता थेट बंदरापर्यंत जाईल. हे झालेच पाहिजे, आणि लवकर झाले पाहिजे.

मागच्या दिवाळीला मी दारव्ह्याला गेलो तेव्हा मामेभावाच्या धाकट्या नातीला घेऊन जुन्या स्टेशनाकडे फिरायला गेलो होतो. गवतात रूळ दिसले. ती त्या दोन रुळांच्या मध्ये उभी राहिली, एक पाय या रुळाला लावला, दुसरा त्या रुळाला लावायचा प्रयत्न केला. जेमतेम पुरला. "आबा, एवढीच गाडी होती?" तिने विचारले.

"एवढीच होती," मी म्हणालो.

"मग त्यात सगळे मावायचे?"

मला ती टोपलीवाली बाई आठवली, हिरवे निशाण खाली घेणारा गार्ड आठवला आणि नव्या टोपीतला जावई आठवला.

"सगळे मावायचे," मी म्हणालो. "मागून धावत येणारेसुद्धा."

नवी गाडी रुंद असेल, वेगवान असेल. दारव्ह्याच्या फलाटावर ती किती मिनिटे थांबते आणि तिच्या खिडकीवर तिकीट किती रुपयांना मिळते, हे पाहायला आम्ही जाणार आहोत.